बेटावर पाहुणे किती मावतात? : इयत्ता सातवीसाठी भूगोलाचा एक पाठ



गेल्या हिवाळ्यात शाळातपासणीच्या निमित्ताने समुद्रकाठच्या एका शाळेत सातवीचा वर्ग पाहण्याचा योग आला. पाठ पर्यटन व निसर्गरक्षण या विषयावर होता. पर्यटक येतात, कचरा टाकतात, किनारे घाण करतात आणि निसर्गाचा नाश होतो, असे गुरुजींनी मोठ्या तळमळीने सांगितले. मुले माना डोलवीत होती. दुसऱ्या बाकावरील एक मुलगा मात्र खाली मान घालून बसला होता. तास संपल्यावर चौकशी केली, तेव्हा कळले की, त्याचे वडील पाहुण्यांना होडीतून फिरवितात व घर त्यावरच चालते. आपल्या वडिलांचा धंदा वाईट आहे, एवढाच बोध त्याने त्या पाठातून घेतला होता.

मी त्याला जवळ बोलावून विचारले, “तुमच्या होडीत माणसे किती बसतात?”

“बारा, साहेब.”

“आणि तेरावा आला तर?”

“बाबा घेत नाहीत. दुसऱ्या खेपेला नेतात. होडी बुडेल ना!”

गुरुजींना जो पाठ शिकवावयाचा होता, तो या उत्तरात आलेला होता. तेरावा पाहुणा वाईट असतो म्हणून त्याला नाकारीत नाहीत. होडीची शक्ती ठरलेली असते म्हणून त्यास थांबवितात. बेटाचेही तसेच आहे. हा विचार मुलांच्या मनात कसा रुजवावा, हे दाखविण्यासाठी पुढील पाठ सुचवीत आहे. यास दोन तासिका पुरतील.

पाठाचा हेतू

बेटाची जमीन, गोडे पाणी व सांडपाणी जिरविण्याची शक्ती मर्यादित असते, हे मुलांनी उदाहरणावरून जाणावे. मर्यादा मोडल्यास तिची किंमत कोण देतो, हे ओळखावे. आणि आकड्यांवरून निष्कर्ष काढताना सावध राहावे.

प्रस्तावना

होडीचा प्रश्न मुलांनाच विचारावा. ज्या गावी होडी नाही, तेथे विहीर घ्यावी. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी किती कुटुंबांना पुरते व लग्नाचे वऱ्हाड उतरले म्हणजे काय होते, हे मुलांकडून वदवून घ्यावे. नंतर आशियाच्या नकाशावर फिलिपाइन्स देश दाखवावा. हा देश सात हजारांहून अधिक बेटांचा आहे. त्यांपैकी पनाय या मोठ्या बेटाच्या वायव्य टोकाशी बोराकाय नावाचे एक चिमुकले बेट आहे. आजचा पाठ त्याचा, असे सांगावे.

विषयविवेचन

बोराकाय सुमारे ७ किलोमीटर लांब आहे आणि मधल्या चिंचोळ्या भागात त्याची रुंदी एक किलोमीटरही भरत नाही. एकूण क्षेत्रफळ सुमारे १० चौरस किलोमीटर. आपल्या गावाच्या शिवाराशी त्याची तुलना करण्यास मुलांना सांगावे, म्हणजे आकार मनात भरेल. पश्चिमेस सुमारे ४ किलोमीटर लांबीचा पांढऱ्या शुभ्र वाळूचा किनारा आहे. साधारणपणे नोव्हेंबर ते मे या काळात वारा ईशान्येकडून वाहतो, म्हणून पश्चिमेचा हा किनारा शांत असतो व पाहुण्यांची गर्दी त्याच काळात होते. पुढे वारा नैऋत्येकडून येऊ लागतो. आपल्याकडील मोसमी वाऱ्यांची उजळणी येथे आपोआप होईल.

पूर्वी या बेटावर मासेमारी आणि नारळ यांवर लोकांची उपजीविका होती. १९७० नंतरच्या दशकात परदेशी प्रवासी येऊ लागले. १९७८ साली सरकारने त्यास पर्यटनक्षेत्र म्हणून घोषित केले. खानावळी निघाल्या, हॉटेले उभी राहिली, आसपासच्या बेटांवरील माणसे कामासाठी येऊन राहिली. घरोघर चार पैसे आले, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. ती लपविल्यास पाठ एकांगी होईल.

परंतु पाहुणा वाढला, त्या मानाने गटारांची व्यवस्था वाढली नाही. १९९७ साली तेथील समुद्राच्या पाण्यात कोलिफॉर्म जंतूंचे प्रमाण फार असल्याचे सरकारी खात्याने जाहीर केले. मैला पाण्यात मिसळत असल्याची ती खूण होती. काही काळ पाहुणे घटले. मग लोक ती गोष्ट विसरले. २००६ साली सरकारी घोषणेने सुमारे ४०० हेक्टर जमीन वनासाठी राखून ठेवण्यात आली. भरतीच्या रेषेपासून ३० मीटरपर्यंत बांधकाम करू नये, असाही नियम होता. तरी किनाऱ्यावर बांधकामे झालीच. बेटावर नऊ पाणथळ जागा होत्या. त्यांपैकी कित्येकांवर भराव घालून इमारती उठविण्यात आल्या. पावसाचे पाणी मुरण्याची जागा गेल्यामुळे रस्त्यांवर पाणी तुंबू लागले. अनेक हॉटेलांनी आपले सांडपाणी पावसाच्या पाण्याच्या नळांत चोरून सोडले व ते पूर्वेकडील किनाऱ्यावर समुद्रास मिळाले.

२०१७ साली सुमारे २० लाख पाहुणे या बेटावर आले. २०१८ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांनी बेटाला मैल्याच्या कुंडीची उपमा दिली आणि २६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने सारे बेट पाहुण्यांना बंद करण्यात आले.

येथे शिक्षकाने क्षणभर थांबून विचारावे, “या सहा महिन्यांत सर्वांत अधिक हाल कोणाचे झाले असतील?” चोरून नळ जोडणारा धनिक साठविलेल्या पैशावर दिवस काढू शकला. स्वयंपाकी, हमाल, होडीवाला, मोलकरीण, फेरीवाला अशा हजारो हातांचे काम मात्र एकाएकी गेले. काहींना सरकारने सफाईच्या कामावर तात्पुरता रोजगार दिला. पुष्कळांना आपापल्या गावी परतावे लागले. निसर्ग राखणे हे गरिबाच्या पोटावर पाय देणे आहे, असे कोणी म्हटल्यास हे उदाहरण पुढे करावे. निसर्ग न राखल्यामुळेच येथे गरिबाचे काम बुडाले.

बंदीच्या काळात किनाऱ्यालगतची बांधकामे पाडण्यात आली, रस्ते रुंद केले, सांडपाणी शुद्ध करण्याची सोय हॉटेलांना सक्तीची केली. २६ ऑक्टोबर २०१८ रोजी बेट पुन्हा उघडले, तेव्हा नियम पाळणाऱ्या हॉटेलांनाच परवानगी मिळाली. अशा हॉटेलात जागा राखून ठेवल्याचा पुरावा पाहुण्यास दाखवावा लागू लागला.

गणिताचा भाग

बेटावर एका वेळी किती माणसे असावीत, याचा अभ्यास तज्ज्ञांकडून करवून घेण्यात आला होता. त्यांनी एका वेळी १९,२१५ पाहुणे व एका दिवसात नवे येणारे ६,४०५ पाहुणे, अशी मर्यादा सांगितली. हे दोन आकडे फळ्यावर लिहावेत व पहिल्यास दुसऱ्याने भागण्यास सांगावे. उत्तर बरोबर ३ येते. याचा अर्थ एक पाहुणा सरासरी तीन दिवस राहतो, असे धरलेले आहे. पाहुणे सहा दिवस राहू लागले, तर रोज किती नवे येऊ द्यावेत, हा पुढचा प्रश्न. चांगल्या मुलांना तो सहज सुटेल.

आता दुसरे उदाहरण द्यावे. २०१७ सालच्या २० लाखांस ३६५ ने भागावे. रोजची सरासरी सुमारे ५,४८० येते. ही तर मर्यादेहून कमी! मुले चकित होतील, व व्हावीत. मग बेट घाण का झाले?

या प्रश्नाचे उत्तर आपण सांगू नये. मुलांना शोधू द्यावे. पहिले उत्तर असे निघेल की, सरासरी फसवी असते. पाहुणे रोज सारखे येत नाहीत. सुटीच्या दिवसांत लोंढा येतो व पावसाळ्यात ओघ आटतो. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. बेट केवळ माणसांच्या संख्येने बिघडले नाही. सांडपाणी कोठे सोडले, पाणथळ जागा का बुजविल्या व घर किनाऱ्यापासून किती दूर बांधले, यांवरून ते बिघडले. होडीतही बाराच माणसे असून तळाला भोक असेल, तर ती बुडणारच. म्हणून पाहुणे मोजावेत आणि भोकेही बुजवावीत. या दोन्ही गोष्टी मिळून समतोल होतो.

एक सूचना

बेट उघडले व सर्व सुरळीत झाले, असा गोड शेवट करू नये. २०२२ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या आधीच्या सुटीत, ठरविलेली दैनिक मर्यादा ओलांडली गेली. नियम एकदा लिहून भागत नाही. तो प्रत्येक सुटीत, प्रत्येक धक्क्यावर पाळावा लागतो. तसेच, पर्यटकास शत्रू ठरवू नये. आपल्या वर्गातील कोणाचे आईवडील या व्यवसायात आहेत, हे आधी जाणून घ्यावे व त्या मुलांनाच माहीतगार म्हणून बोलू द्यावे.

स्वाध्याय

१. गावच्या जत्रेच्या दिवशी किती माणसे येतात, याचा अंदाज वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. त्यांच्यासाठी पिण्याचे पाणी कोठून येते?

२. आपल्या घरचे सांडपाणी शोषखड्ड्यात जाते, परसबागेत जाते की ओढ्यात? आळीतील दहा घरांची पाहणी करून तक्ता करा.

३. गावात पूर्वी पाणी साठत असे पण आता बुजली आहे, अशी एखादी जागा आजोबा-आजींना विचारून नकाशात दाखवा.

४. “आमच्या गावी पाहुणे यावेत, पण...” हे वाक्य पूर्ण करून त्यावर दहा ओळी लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी जपून ठेवावीत. यांतली काही मुले उद्या ग्रामपंचायतीत बसतील, काही खानावळ चालवितील, काही होडी वल्हवतील. परवाना देताना वा घेताना ‘पाणी कोठे जाणार?’ एवढा प्रश्न त्यांनी विचारला, तरी आपल्या दोन तासिका सत्कारणी लागल्या असे समजावे.

त्या शाळेतील गुरुजींनी पुढच्या आठवड्यात हाच पाठ पुन्हा घेतला. फळ्यावर होडी काढण्याचे काम त्यांनी दुसऱ्या बाकावरील त्या मुलाकडे दिले होते. त्याने होडी काढली, तिच्यावर ‘१२’ हा आकडा घातला आणि तिचे भाग सर्व वर्गाला मान वर करून समजावून दिले.