‘नरक’ या शब्दाचा अभ्यास

वाचनासाठीं : उत्पत्ति ३७:३१–३५, दानीएल १२:१–३, मार्क ९:४३–४८

‘नरक’ हा शब्द आमच्या लोकांस नवा नाहीं. यमदूत, चित्रगुप्ताची वही व तापलेल्या तेलाच्या कढया हें चित्र पुष्कळांच्या मनांत आधींच ठसलेलें असतें, आणि शास्त्र हातीं घेतल्यावर तेंच आपण त्यांत वाचूं लागतों. म्हणून मूळ शब्द कोणते, व मंडळीनें त्यांचा अर्थ कसकसा केला, हें पाहूं.

जुन्या करारांतील इब्री शब्द ‘शिओल’. मराठी शास्त्रांत त्यास ‘अधोलोक’ म्हटलें आहे. तें शिक्षेचें ठिकाण नसून सर्व मृतांचें निःशब्द वसतिस्थान होय. पूर्वज याकोबही आपण शोक करीत तेथेंच जाणार असें म्हणतो. मेलेले उठतील, व कित्येकांस जीवन आणि कित्येकांस धिक्कार मिळेल, ही शिकवण दानीएलाच्या १२ व्या अध्यायांत स्पष्ट होते. पुष्कळ विद्वान हा ग्रंथ इ. स. पूर्वीं १६७ च्या सुमाराचा, म्हणजे अंतियोख राजानें यहूद्यांचा छळ केला त्या काळचा, मानितात. विश्वासू मारले जात होते व जुलमी माजत होते. तेव्हां देव न्याय करील कीं नाहीं, हाच प्रश्न होता.

प्रभु येशूचा शब्द ‘गेहेन्ना’, म्हणजे यरुशलेमेजवळील हिन्नोमाचें खोरें. तेथें पूर्वीं मोलखासाठीं मुलें अग्नींत होमिलीं जात. योशीया राजानें तें स्थळ भ्रष्ट करून ती चाल मोडली (२ राजे २३:१०). नव्या करारांत हा शब्द १२ वेळां आहे. त्यांपैकीं ११ वेळां प्रभूच्या मुखीं. आणि तो त्यानें परक्या विदेश्यांस नव्हे, तर शिष्यांस व शास्त्री-परूशी यांस उद्देशून उच्चारिला, हें ध्यानांत धरावें.

पुढें मंडळींत मतभेद झाले. अलेक्झांड्रियाचा ओरिजेन (मृत्यु सुमारें २५४) देवाच्या शिक्षेस वैद्याच्या औषधाची उपमा देई, आणि शेवटीं सर्व बरे होतील अशी आशा धरी. हिप्पोचा ऑगस्टीन (३५४–४३०) यानें ती शिक्षा अनंत आहे असें प्रतिपादिलें, व पश्चिमेकडे तेंच मत रूढ झालें. १२७४ च्या लियों येथील परिषदेनें मरणानंतरच्या शुद्धीकरणाची शिकवण मान्य केली. कालांतरानें पैसे घेऊन क्षमापत्रें देण्यांत येऊं लागलीं, आणि लोकांचें भय हा व्यापार झाला. त्याविरुद्ध मार्टिन लूथर १५१७ मध्यें उभा राहिला.

या इतिहासांतून उपदेशकानें काय घ्यावें? “माझा बाप ख्रिस्ताचें नांव न ऐकतांच मेला, तो कोठें आहे?” असें एखादा पुत्र रडत विचारतो. तेव्हां “नरकांत” असें म्हणण्याचा अधिकार आपणांस दिलेला नाहीं. आणि न्यायच नाहीं, असें म्हणण्याचाही नाहीं. न्यायाधीशाचें आसन रिकामें नाहीं, व त्यावर आपण बसलेले नाहीं. ज्यानें वधस्तंभावर आपल्यासाठीं प्राण दिला तोच तेथें आहे. त्या पित्यास त्याच्या हातीं सोंपवावें, आणि पुत्राजवळ बसून राहावें. पापाच्या शिक्षेचें भय दाखवून मिळविलेलीं माणसें भय सरतांच परत जातात. प्रीतीनें आलेलीं राहतात.

विचारासाठीं प्रश्न :
१. शिओल व गेहेन्ना यांत भेद कोणता?
२. प्रभूनें गेहेन्नाची ताकीद कोणास दिली? ती आज आपणांस कशी लागू पडते?
३. शोक करणाऱ्या घरीं आपण काय बोलावें, व काय बोलूं नये?