जादूची किंमत कोण भरतं

शीव, मुंबई

चि. मनू,

लागोपाठ वाचलेल्या अद्भुत कादंबऱ्यांनी तुला झालेला आनंद पत्रात ओळीओळीतून दिसतो, आणि त्याच्या मागोमाग ‘यात वेळ फुकट तर जात नाही ना’ ही धाकधूकही दिसते. आनंद खरा आहे, तो जप. धाकधुकीची मात्र मी ‘काही होत नाही, वाच’ एवढ्यावर बोळवण करणार नाही. या प्रकारातली काही पुस्तकं खरोखर पोकळ असतात आणि काही जन्मभर पुरतात. दोन्हींत ड्रॅगन असतात, तलवारी असतात, पहिल्या पानावर नकाशाही असतो, त्यामुळे वरवर पाहून फरक कळत नाही. माझी कसोटी एकच आहे: या जगात जादूला किंमत पडते का, आणि पडत असेल तर ती कोण भरतं?

उर्सुला ली ग्विनची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) घे. गेड हा शिकाऊ जादूगार केवळ ईर्षेपोटी मेलेल्याचा आत्मा बोलावतो. त्यामुळे पडलेल्या फटीतून एक सावली जगात शिरते आणि फट बुजवताना तिथल्या वृद्ध महागुरूचा प्राण जातो. पुढची सगळी कादंबरी म्हणजे त्या घमेंडीचं देणं फेडणं आहे. टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा नियम याहून कडक. सर्वांवर सत्ता देणारी अंगठी चांगल्या हेतूनेही वापरायची नाही, असं तो सुरुवातीलाच बजावतो आणि १९५५ साली आलेल्या तिसऱ्या खंडात, जिथे दुसऱ्या कुणीही नायकाला सूट दिली असती तिथे, तो ती देत नाही. अंगठी नष्ट करायला ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचलेला नायक फ्रोडो ती टाकत नाही, आपली म्हणून बोटात घालतो. ती नष्ट होते ती गॉलममुळे, ज्याला पूर्वी दया येऊन जिवंत सोडलेलं असतं. घरी परतल्यावरही फ्रोडोची जखम बरी होत नाही. मला या सबंध कादंबरीतलं सर्वांत मोठं धाडस हेच वाटतं. हॅरी पॉटर तुला फार प्रिय आहे, म्हणून तिथेही हीच कसोटी लावून बघ. आत्म्याचा तुकडा बाहेर ठेवून अमर व्हायचं तर त्यासाठी खून करावा लागतो, ही कल्पना भक्कम आहे. पण तिसऱ्या पुस्तकात काळात मागे नेणारं यंत्र एका विद्यार्थिनीला केवळ जास्तीच्या तासांना बसता यावं म्हणून मिळतं, आणि मग पुढचे मृत्यू त्याच यंत्राने का टाळले नाहीत, हा प्रश्न उरतोच. पाचव्या पुस्तकात ती यंत्रं फुटतात. लेखिकेची अडचण तेवढ्याने सुटते, वाचकाची सुटत नाही.

हे सगळं परकं आहे, मराठी वाचकाचा पिंड वास्तवाचा आहे, असं तुला कुणी सांगेल. ते खरं नाही. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्या अद्भुताच्याच होत्या. हरिभाऊ आपट्यांनी मराठी कादंबरी घरातल्या बायकांच्या दुःखापर्यंत आणली, हे त्यांचे थोर उपकार. पण त्यानंतर अद्भुत म्हणजे पोरखेळ, अशी समजूत उगाच रुजली. तरीही वाचक नाथमाधवांच्या ‘वीरधवल’वर जीव टाकतच राहिले. आणि खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) काय घडतं? बाप आपलं म्हातारपण मुलाच्या अंगावर टाकतो. यापेक्षा अचाट जादू कोणती? आपण तिला पौराणिक म्हणतो, एवढंच. किमतीचा हिशोब तर आपल्याकडे महाभारतापासून चोख आहे. कर्ण कवचकुंडलं देतो तेव्हा त्याला इंद्राकडून शक्ती मिळते, ती एकदाच वापरण्याची. अर्जुनासाठी राखलेली ती शक्ती घटोत्कचावर खर्च होते आणि त्या रात्रीच कर्णाचं मरण ठरतं. एका अटीतून व्यासांनी केवढं नाट्य उभं केलं!

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हा पळ काढण्याचा मार्ग आहे. माणूस इथल्या प्रश्नांकडे पाठ करून कुठल्या तरी राज्यात रमतो, असं म्हणणारे अगदीच चुकत नाहीत. किंमत न विचारणारी पुस्तकं नेमकं तेच करतात. पण अमीशची शिवकथात्रयी बघ. तिची भाषा मला सपाट वाटते आणि महादेवाचं नाव घेतल्यामुळे वाचकाच्या मनात आपोआप येणारा आदर लेखकाला फुकट मिळतो, हेही मला खटकतं. तरीही सोमरसाची कल्पना मी मानते. मेलुहा राज्यातली माणसं ज्याच्या जोरावर दीर्घायुषी होतात, त्याच रसाच्या विषारी गाळाने दूरच्या प्रदेशात रोगराई पसरते, हे पुढच्या भागांत उघड होतं. ली ग्विनच्या ओमेलासच्या कथेत (१९७३) एका अख्ख्या शहराचं सुख तळघरात कोंडलेल्या एका मुलावर उभं आहे. हे वाचून मुंबईकडे बघ. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा शहापूर तालुक्यातल्या भातसा-तानसाचा, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. ही बातमी आपण दरवर्षी वाचतो आणि पान उलटतो, कारण ती सवयीची झाली आहे. गोष्टीतलं शहर आपलं नसतं, म्हणून तिथे आपण कुणाची बाजू सावरायला जात नाही. तिथे अन्याय आधी दिसतो आणि ओळख नंतर पटते.

मग वास्तववादी कादंबरी हेच सरळ सांगत नाही का? सांगते, आणि तिला पर्याय नाही. ज्याने किंमत भरली त्याचा आवाज अद्भुत कादंबरीत फार क्वचित ऐकू येतो. ओमेलासचं ते मूलसुद्धा हळूहळू बोलेनासं होत जातं. म्हणून या पुस्तकांच्या शेजारीच बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) ठेव. बागुल माटुंगा लेबर कॅम्पात राहिले, शीवपासून अगदी जवळ. त्यांच्या कथांत किंमत भरणारेच बोलतात. दोन्ही वाच, एकाने दुसऱ्याची भूक वाढते.

तू लिहायला घेतलेल्या कादंबरीचा नकाशा सुंदर आहे, नद्यांची नावं तर फारच. पण तुझ्या नायिकेला वारा वळवता येतो, त्याबदल्यात तिचं काय जातं, हे तुझ्या टिपणात कुठेच नाही. तो वारा ज्या गावावरून काढून घेतला, तिथल्या शिडांचं काय होतं? दुसरं प्रकरण लिहिण्याआधी हे ठरव. आणि मध्यंतरी जी. ए. कुलकर्ण्यांचं ‘रमलखुणा’ (१९७५) मिळव. त्यातल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथा कुठल्याही नकाशावर नसलेल्या प्रदेशात घडतात, आणि तिथे कुणालाही सूट मिळत नाही. घाईने वाचू नकोस; ‘इस्किलार’ तर दोनदा वाच. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून बघ, नाहीतर माझी प्रत घेऊन जा.

तुझी,
मावशी