मूल हरवते तेव्हा आपली जीभ



१ जुलै २०१८, रविवार. आपल्या कन्नडच्या घाटापलीकडे, धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात आठवडे बाजार होता. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते.

आठवी आज्ञा खोट्या साक्षीला मनाई करते. ऐकीव तर्क पुढे सांगणे हीसुद्धा साक्षच होय. बाळ येशू हरवला तेव्हा मरिया व योसेफ यांनी कोणावर आळ घेतला नाही. नातलगांत विचारले, मागे फिरून शोधले (लूक २:४१-५०).

मूल हरवल्यास लगेच पोलिसांना किंवा १०९८ वर कळवावे. प्रत्यक्ष पाहिले तेवढेच सांगावे.

मनन: मी सांगतो ते मी पाहिले आहे का?