सोयाबीन: गवत मारणारं औषध मारलं, चार दिवसांनीही गवत हिरवंच. परत मारू का?

सध्या सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतोय. थोडक्यात उत्तर: *नाही, थांबा.* कारण समजून घ्या, म्हणजे दुसऱ्या फवारणीचा खर्च वाचेल.

*औषध काम कसं करतं?*
क्विझालोफॉप, प्रोपाक्विझाफॉप, फेनॉक्साप्रॉप ही औषधं पान जाळत नाहीत. झाडाला नवीन पेशी बनवायला स्निग्ध आम्लं लागतात. ती बनवण्याच्या पहिल्या पायरीवर एसीसीएज नावाचं विकर (एन्झाइम) काम करतं. ही औषधं त्यालाच अडवतात. त्यामुळे वाढ दोन-तीन दिवसांत थांबते, पण जुनं पान काही दिवस हिरवंच दिसतं. आठवड्याभरात कोवळी पानं पिवळी-जांभळी पडतात. पूर्ण वाळायला १० ते १५ दिवस लागतात.

*शेतात तपासा:* ६-७ दिवसांनी गवताचा मधला पोंगा हलकेच ओढा. तो सहज निघाला आणि बुडाशी तपकिरी, सडका दिसला तर औषध लागलंय.

*सोयाबीन का मरत नाही?*
गवतवर्गातलं हे विकर वेगळ्या घडणीचं असतं, तिथे औषध चिकटतं. रुंद पानाच्या झाडात ते चिकटत नाही. म्हणून सोयाबीन, तूर वाचते. पण त्याच कारणाने माठ, दुधी, कुर्डू पण वाचतात. केना आणि लव्हाळा गवतासारखे दिसतात, पण गवत नाहीत, ते मरत नाहीत. गाजरगवत नावालाच गवत!
उलट मका, ज्वारी, बाजरी, ऊस, भात ही गवतवर्गातलीच पिकं. बांधापलीकडे शेजाऱ्याचा मका असेल तर वारं असताना पंप उचलू नका.

*क्विझालोफॉप इथाइल ५ ईसी कसं वापरायचं?*
✅ पेरणीनंतर १५-२० दिवस, गवत २ ते ४ पानांवर
✅ एकरी ३०० ते ४०० मिली, पाणी २०० लिटर. एकरी ४०० मिली धरलं तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिली, असे साधारण १३ पंप
✅ जमिनीत ओल हवी. ताण पडलेलं गवत औषध नीट ओढत नाही
✅ फ्लॅट फॅन नोझल, हातमोजे, मास्क
❌ रुंद पानाचं दुसरं तणनाशक मनाने मिसळू नका. काही मिश्रणांत गवतावरचा असर कमी होतो. लेबलवर असेल तरच मिसळा

*एकच औषध दरवर्षी नको*
पंजाब-हरियाणात गव्हातल्या गुल्लीडंडा तणावर याच गटातलं क्लोडिनाफॉप वर्षानुवर्षं मारलं. आता तिथे बऱ्याच शेतांत ते तण त्याला दाद देत नाही. कंपनी बदलली म्हणजे गट बदलला असं होत नाही. बाटलीवरचं तांत्रिक नाव वाचा. नावात "फॉप" दिसलं की गट तोच. फेनॉक्साप्रॉपही त्यातलंच.
म्हणून फवारणीच्या जोडीला डवरणी-कोळपणी ठेवा. जे गवत वाचलं ते बी धरायच्या आत हाताने उपटा. औषधाला न जुमानणारं बी पुढच्या वर्षी त्यातूनच येतं.

१० दिवसांनंतरही पोंगा घट्ट असेल तर दुसरी फवारणी करण्याआधी गवताचा जवळून फोटो, औषधाचं नाव आणि फवारणीची तारीख ग्रुपवर टाका. बघून सांगतो.

– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी