एकाच नावाच्या दोन मेथड : कोणती घ्यावी, कोणती वगळावी?



क्लास, ऑब्जेक्ट आणि वारसा हे आपण शिकलो आहोत. वारशात वरच्या क्लासच्या मेथड सरसकट खाली येतात. 'भूमिका' ही त्याहून निराळी सोय आहे. भूमिका म्हणजे मेथडची एक लहान जुडी. ती कोणत्याही क्लासला जोडता येते आणि एका क्लासला अनेक भूमिका चालतात. शेर्ली, द्युकास, नीरस्ट्रास आणि ब्लॅक या संशोधकांनी २००३ मध्ये ही कल्पना 'ट्रेट' या नावाने मांडली. पर्लच्या 'मूस'मध्ये तिला रोल म्हणतात. पीएचपीत ती २०१२ साली ५.४ या आवृत्तीपासून आली.

आता आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा छिंदवाड्यातून वेगळा झाला. पांढुर्णा व सौंसर या तहसिली नव्या जिल्ह्यात आल्या. समजा, सौंसरला २०११ मध्ये जन्मलेल्या मुलीची नोंद संगणकात करायची आहे. 'जन्मनोंद' या भूमिकेतील 'जिल्हा' ही मेथड छिंदवाडा असे उत्तर देते. 'पत्ता' या भूमिकेतही 'जिल्हा' आहे. तिचे उत्तर पांढुर्णा. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. 'विद्यार्थी' या क्लासने दोन्ही भूमिका घेतल्या, तर कोणती मेथड चालेल?

पायथनमध्ये असे दोन स्वतंत्र क्लास वारशाने घेतले, तर आधी लिहिलेला जिंकतो. संगणक तक्रार करत नाही. चुकतो तो दाखला. पीएचपी मात्र काम थांबवते आणि निर्णय मागते. तो आपण दोन प्रकारे देतो :

१) वगळणे : 'जन्मनोंद'मधील 'जिल्हा' न घेता 'पत्ता'मधील घ्यावी. पीएचपीत यासाठी 'इन्स्टेडऑफ' हा शब्द आहे.

२) दुसरे नाव देणे : वगळलेली मेथड 'अ‍ॅज' या शब्दाने 'जन्मजिल्हा' या नावाने ठेवावी.

येथे काम संपले असे वाटते, पण खरी मेख पुढेच आहे. 'जन्मनोंद'मध्ये 'जन्मओळ' नावाची आणखी एक मेथड आहे. ती दाखल्यावर जन्मस्थळाची ओळ छापते आणि त्यासाठी आतून 'जिल्हा'लाच हाक मारते. आता त्या हाकेला 'पत्ता'मधील मेथड ओ देते. परिणामी २०११ च्या जन्मस्थळापुढे पांढुर्णा छापले जाते. दुसरे नाव दिल्याने आतली हाक बदलत नाही, कारण वगळण्याचा निर्णय संपूर्ण क्लासला लागू होतो.

म्हणून मेथड वगळण्यापूर्वी त्याच भूमिकेतील इतर कोणत्या मेथड तिच्यावर अवलंबून आहेत, हे पाहावे. भूमिका आपल्या हातातली असेल, तर मुळातच 'जन्मजिल्हा' आणि 'सध्याचा जिल्हा' अशी वेगळी नावे द्यावीत. तोच सर्वांत सुरक्षित मार्ग.

पालक आणि विश्वस्त मंडळींनाही हे उपयोगी आहे. जन्मदाखला आणि शाळेचा दाखला यांत जिल्ह्याचे नाव जुळले नाही, तर शिष्यवृत्तीच्या अर्जाला अडचण येऊ शकते. दाखला हाती घेताना जन्मस्थळ आणि पत्ता या दोन्ही ओळी वाचाव्यात. शाळेसाठी सॉफ्टवेअर घेताना या दोन नोंदी स्वतंत्र आहेत का, हेही विचारावे.

गृहपाठ : 'वाचनालय' आणि 'क्रीडा' या दोन भूमिकांत 'सदस्यक्रमांक' ही मेथड आहे. 'वाचनालय'मधील 'कार्डछापा' तिला हाक मारते. 'क्रीडा'ची मेथड ठेवून 'वाचनालय'ची वगळली, तर वाचनालयाच्या कार्डावर कोणता क्रमांक येईल? कारण लिहा.