परदेशी शिक्षणाचे नियोजन : बाबासाहेबांच्या चरित्रातील एक धडा

बाबासाहेबांच्या पदव्यांचा उल्लेख आपण अभिमानाने करतो. त्या पदव्यांमागील नियोजनाचा अभ्यास मात्र क्वचित करतो. १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार होता. १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथे प्रवेश घेतला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट सोडून मायदेशी यावे लागले.

तथापि निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालविण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळविली. त्यानंतर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून पैसा साठविला, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी. व १९२३ साली डी. एस्सी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. बुद्धिमत्तेइतकेच मोल त्या परवानगीचे होते.

आज अमरावती-अकोल्याच्या पालकांनी परदेशाचे नाव निघताच शेत विकण्याचा विचार करू नये. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीही आहे. मात्र जाहिरात निघाल्यावर धावपळ करून भागत नाही. जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट व गुणपत्रके पदवीच्या शेवटच्या वर्षापूर्वीच तयार ठेवावीत. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेचा निकाल दोनच वर्षे ग्राह्य असतो, म्हणून ती योग्य वेळी द्यावी. विलायतेतील सत्र बहुधा सप्टेंबरमध्ये सुरू होते. प्रवेशाचा अर्ज त्याच्या सुमारे वर्षभर आधी करावा. अटी बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. शिष्यवृत्ती किती महिने पुरेल आणि ती लांबली तर काय, हेही आधीच लिहून काढावे.

माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती : जे जाऊन आले आहेत, त्यांनी येथील एका तरी विद्यार्थ्याजवळ बसून हे वेळापत्रक आखून द्यावे. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला घरात हे सांगणारे कोणी नसते.