‘असणे’ आणि ‘शून्यातून निर्मिती’ : थॉमस ॲक्वायनसचा सृष्टिविचार व मराठी परिभाषेचा प्रश्न

मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञानाशी मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याची गाठ पडते ती बहुधा आडवाटेने. थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ अभ्यासाला असते. त्याच्या प्रारंभीच्या भागात सृष्ट्युत्पत्तीची कथा येते. ती बायबलमधील ‘उत्पत्ती’च्या पुस्तकावर आधारलेली आहे एवढे सांगून आपण भाषा, ओवी आणि मराठीचे कौतुक यांकडे वळतो. परमेश्वराने जग ‘शून्यातून’ निर्माण केले, हे वाक्य टिपणवहीत उतरते आणि तेथेच राहते. या वाक्यामागे कित्येक शतकांचा वाद उभा आहे आणि ‘शून्यातून’ या शब्दाने त्या वादातील नेमका मुद्दाच पुसला जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या दृष्टीने तेराव्या शतकातील थॉमस ॲक्वायनस (निधन १२७४) याच्या विचारातील ‘असणे’ व ‘निर्मिती’ या दोन कल्पनांचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम ‘असणे’. थॉमसने तरुणपणी, १२५० नंतरच्या काही वर्षांत, ‘दे एन्ते एत एस्सेन्शिया’ हा छोटेखानी प्रबंध लिहिला. त्यातील एक युक्तिवाद साधा दिसतो. मनुष्य म्हणजे काय किंवा फिनिक्स पक्षी म्हणजे काय, हे मी समजू शकतो. परंतु तो पक्षी प्रत्यक्षात आहे किंवा नाही, हे त्या समजुतीतून मला कळत नाही. म्हणजे एखादी वस्तू ‘काय आहे’ आणि ती ‘आहे’, या दोन निराळ्या गोष्टी झाल्या. पहिलीला तो ‘एस्सेन्शिया’ म्हणतो, दुसरीला ‘एस्से’. हा भेद त्याच्या आधी इब्न सिना (९८०-१०३७) या मुस्लिम तत्त्वज्ञाने मांडला होता आणि थॉमस त्याचा ऋणी आहे. मात्र असणे हे वस्तूला बाहेरून येऊन चिकटणाऱ्या आगंतुक धर्मासारखे आहे, असे सुचविणारी इब्न सिनाची मांडणी त्याला मान्य नाही. रंग किंवा उंची वस्तूला लाभते तसे असणे लाभत नाही. कारण लाभण्यासाठी वस्तू आधी असावी लागेल. थॉमसच्या मते असणे ही वस्तूची सर्वांत आतली कृती आहे. तिच्यामुळे बाकीचे सर्व धर्म धर्म ठरतात.

येथे एक भाषिक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ‘एस्से’ हे लॅटिनमध्ये क्रियापदाचे रूप आहे, भाववाचक नाम नव्हे. मराठीत त्यासाठी आपण सवयीने ‘अस्तित्व’, ‘सत्ता’, ‘सत्त्व’ असे तत्सम शब्द वापरतो. ‘सत्ता’ शब्दाला राजकारणाचा वास लागलेला आहे हे एक वेळ सोडून देऊ. परंतु ‘-त्व’ प्रत्यय लागताच क्रिया गोठते आणि तिचा गुण होतो. मग अस्तित्व हा वस्तूच्या अनेक गुणांपैकी एक गुण आहे असे वाटू लागते, आणि थॉमस ज्या समजुतीविरुद्ध लिहीत होता तीच समजूत आपण अनुवादातून त्याच्या पदरी बांधतो. वास्तविक मराठीची या बाबतीत चांगली सोय आहे. ‘असणे’ हे एस्सेप्रमाणेच क्रियेला धरून राहते, ‘जे आहे ते’ म्हणून ‘एन्स’चा अर्थ सांगता येतो, शिवाय ‘असणे’ व ‘होणे’ हा भेद मराठीत रोजच्या वापरातला आहे. इंग्रजीला ‘बीइंग’ या एकाच शब्दावर एन्स आणि एस्से ही दोन्ही ओझी टाकावी लागतात. इंग्रजी ग्रंथांवरून शिकताना तो गोंधळ आपण विनाकारण उसना घेतो.

‘काय’ आणि ‘आहे’ हा भेद मान्य केला की पुढची पायरी येते. ज्या वस्तूच्या स्वरूपात तिचे असणे अंतर्भूत नाही, तिला ते अन्य कोणापासून मिळालेले असले पाहिजे. स्वतःला असणे देण्यासाठी ती आधी असावी लागेल, आणि ते तर अशक्य. ज्याला ते मिळाले आहे, त्याने ते दुसऱ्याला देण्याची साखळी अनंत नेऊनही मुळातले देणे कोठून आले याचा उलगडा होत नाही. म्हणून जिचे स्वरूप म्हणजेच असणे, अशी एकच वस्तू मानावी लागते. तीच ईश्वर. ‘निर्गम’ ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात मोशेला सांगितले गेलेले ईश्वराचे नाव थॉमस याच अर्थाने घेतो आणि ‘सुम्मा थिओलॉजिए’मध्ये ते ईश्वराला सर्वांत अधिक शोभणारे नाव ठरवितो. हा युक्तिवाद ॲन्सेल्मच्या १०७७-७८ च्या सुमारास लिहिलेल्या ‘प्रॉस्लोगिऑन’मधील प्रसिद्ध युक्तिवादाशी एकरूप समजू नये. ॲन्सेल्म ईश्वराच्या कल्पनेवरून त्याच्या असण्याकडे जातो. थॉमस ती वाट स्पष्टपणे नाकारतो आणि आपल्या भोवतीच्या, असणे उसने घेतलेल्या वस्तूंपासून निघतो.

सर्वच अभ्यासकांना हे पटलेले नाही. अँथनी केनी यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात थॉमसच्या ‘असण्या’च्या कल्पनेची कठोर चिकित्सा केली आहे. फिनिक्सविषयी ‘आहे’ की ‘नाही’ असा प्रश्न विचारताना जो ‘आहे’ अभिप्रेत असतो, तोच ईश्वराचे स्वरूप कसा ठरेल, हा त्यांचा आक्षेप वजनदार आहे. केवळ ‘आहे’ एवढेच ज्याच्याविषयी म्हणता येते, तो तर सर्वांत रिता ठरेल. थॉमसच्या बाजूने इतकेच म्हणता येते की, त्याच्या लेखी असणे म्हणजे होय-नाहीचे उत्तर नव्हे. सर्व पूर्णता ज्यात सामावते अशी ती कृती आहे. मात्र एका अर्थावरून दुसऱ्या अर्थावर तो केव्हा सरकतो, हे वाचकाला नेहमी दिसत नाही, हे मान्य करावे लागते.

आता ‘निर्मिती’. शून्यातून काहीच उत्पन्न होत नाही, हे ग्रीक विचारवंतांचे जवळजवळ एकमुखी मत. ॲरिस्टॉटलच्या मते प्रत्येक बदलाला आधारभूत द्रव्य लागते आणि म्हणून जगाला आरंभ नाही. उलट १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ईश्वराने काळाच्या प्रारंभी, शून्यातून सृष्टी निर्माण केली असे श्रद्धासूत्र घोषित केले होते. ॲरिस्टॉटलचे ग्रंथ पॅरिसच्या विद्यापीठात शिकविले जाऊ लागल्यावर हे दोन्ही एकत्र नांदणार कसे, हा प्रश्न अध्यापकांच्या नोकऱ्यांपर्यंत येऊन भिडला.

थॉमसचे उत्तर असे की, निर्मिती हा बदलच नव्हे. बदलात आधी एक काही असते व मग ते दुसरे होते; दूध असते आणि त्याचे दही होते. निर्मितीत ‘आधी’ असे काही नाही. म्हणून तिथे ‘होणे’ नाही, केवळ ‘असणे मिळणे’ आहे. ‘एक्स निहिलो’ यातील ‘एक्स’ने उपादान सूचित होत नाही, हे तो ‘सुम्मा’च्या पंचेचाळिसाव्या प्रश्नात सांगतो. सकाळीपासून दुपार होते असे म्हणताना दुपार सकाळीची बनलेली असते असे कोणी मानत नाही. तेथे केवळ क्रम सांगितलेला असतो. दुसरा अर्थ निषेधाचा : ‘शून्यापासून केले’ म्हणजे ‘कशापासूनही केले नाही’. ॲन्सेल्मने ‘मोनोलोगिऑन’मध्ये हाच मुद्दा विनाकारण दुःखी झालेल्या माणसाचा दाखला देऊन मांडला होता. आपल्याकडे मूल उगीचच रुसते. कशावरून रुसले, असे विचारले तर कशावरूनच नाही, असे आपण म्हणतो. ‘कशावरूनच नाही’ नावाची एखादी वस्तू त्याच्या रुसण्याचे कारण आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

‘शून्यातून’ या मराठी शब्दाची अडचण आता ध्यानात यावी. ‘-तून’ हा प्रत्यय आतून बाहेर येणे सुचवितो. विहिरीतून पाणी, मातीतून अंकुर. त्यात ‘शून्य’ हा शब्द बौद्ध दर्शनाचा मोठा वारसा घेऊन येतो. विद्यार्थ्याच्या मनात शून्य नावाचे एक गूढ भांडार उभे राहते आणि ईश्वर त्यातून जग उपसतो. ॲन्सेल्म व थॉमस यांनी जो अर्थ मुद्दाम खोडून काढला, तोच आपण शिकवितो. ‘कोणत्याही उपादानाशिवाय निर्मिती’ हा शब्दप्रयोग लांब आहे, परंतु बरोबर आहे.

याहून महत्त्वाचा परिणाम पुढे आहे. निर्मिती हा बदल नसेल, तर ती भूतकाळी एकदा घडून संपलेली घटनाही नव्हे. ती सृष्टीचे ईश्वरावरील अवलंबन आहे, आणि ते या क्षणीही चालू आहे. गवंडी निघून गेला तरी घर उभे राहते. पण सूर्य गेला की हवेतील उजेड तत्क्षणी जातो. सृष्टी घरासारखी नाही, उजेडासारखी आहे. म्हणूनच जगाला काळात आरंभ आहे की नाही, हा प्रश्न थॉमसच्या दृष्टीने वेगळा पडतो. अनादी काळापासून धुळीत रोवलेल्या पावलाचा ठसाही अनादी असेल, पण तो पावलानेच उमटविलेला राहील, हा ऑगस्टीनने नोंदविलेला जुना दाखला या वादात वारंवार येतो. जगाला आरंभ आहे, हे थॉमस श्रद्धेने मानतो. तर्काने ते सिद्ध करता येत नाही, असेही तो ठामपणे सांगतो. फ्रान्सिस्कन पंथाचा बोनाव्हेन्चर याच्या मते निर्मित आणि तरीही अनादी असे जग हा वदतोव्याघात होता. ‘जगाच्या अनादित्वाविषयी’ या १२७०-७१ च्या सुमाराच्या प्रबंधात थॉमसने असा व्याघात मानणाऱ्यांचा, एरवी त्याच्या लेखनात क्वचितच दिसणाऱ्या उपरोधाने, समाचार घेतला आहे. दुबळ्या सिद्धतेने श्रद्धेचे समर्थन केले तर इतरांच्या उपहासाला निमित्त मिळते, ही त्याची भूमिका होती.

त्यात धोका होता. १० डिसेंबर १२७० रोजी पॅरिसचे बिशप एतिएन तांपिए यांनी तेरा विधाने निषिद्ध ठरविली. जगाच्या अनादित्वाचे विधान त्यांत होते. ७ मार्च १२७७ रोजी, थॉमसच्या मृत्यूला बरोबर तीन वर्षे होत असताना, हा आकडा २१९ वर गेला आणि त्यांतील काही विधाने थॉमसच्याही मतांना स्पर्श करणारी मानली गेली. १३२३ मध्ये त्याला संतपद मिळाल्यावर, १३२५ मध्ये पॅरिसमध्ये त्याच्यापुरता हा निषेध मागे घेण्यात आला. ‘मध्ययुगात चर्च सांगेल तेच तत्त्वज्ञान होते’, असे सरसकट विधान उत्तरपत्रिकांत आढळते, म्हणून हा तपशील थोडा विस्ताराने दिला.

‘क्रिस्तपुराणा’कडे या वाटेने पाहिले तर काय दिसते? १५७९ मध्ये गोव्यात आलेला स्टीफन्स येशूसंघी होता, आणि त्या संघाने १५९९ च्या आपल्या शिक्षणसंहितेत ईश्वरविद्येसाठी थॉमसचाच अनुसर करावा असे ठरविले होते. १६१६ मध्ये छापलेल्या ग्रंथाला त्याने ‘पुराण’ हे नाव दिले आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द स्वीकारला. ही उसनवारी वरवरची आहे असे काही समीक्षकांना वाटते, तर समन्वयाची आहे असे इतरांना. पुराणाच्या पाच लक्षणांशी ताडून पाहिले तर प्रश्न अधिक नेमका होतो. वंश आणि वंशानुचरित यांची सोय बायबलमधील वंशावळींमुळे सहज लागते. ‘सर्ग’ मात्र अडतो. पुराणांतील सर्ग हा प्रकृतीचा विस्तार आहे, ब्रह्मदेवालाही काहीतरी हाताशी असते, आणि येथे हाताशी काहीच नाही. ‘प्रतिसर्ग’ तर बसूच शकत नाही. प्रलयानंतर पुन्हा सृष्टी, ही चक्राकार रचना थॉमसच्या परंपरेला पूर्णतः परकी आहे. नोहाच्या काळचा जलप्रलयही सृष्टीचा लय नसतो, त्यात तारू तरंगत राहते. पहिल्या दोन लक्षणांच्या या रिकाम्या जागी स्टीफन्सने मराठी श्रोत्यासमोर कोणते शब्द ठेवले, कोठे त्याला पुराणाची भाषा पुरली आणि कोठे तिला मुरड घालावी लागली, याची ओवीवार तपासणी व्हावयास हवी. त्यासाठी निर्मितीविषयक क्रियापदांची सूची करणे हा एखाद्या एम. फिल.च्या जुन्या प्रबंधिकेएवढा, आटोपशीर विषय आहे. आणि ती करताना ‘असणे’, ‘होणे’, ‘करणे’ व ‘रचणे’ ही चार क्रियापदे प्रथम वेगळी काढावीत.